सार्वजनिक फोन पुन्हा सुरू करताना : कामाच्या नोंदी

एका सार्वजनिक वाचनालयाच्या ओसरीत पूर्वी नाणे टाकून वापरायचा फोन होता. तो काढून नेल्यावर भिंतीवर चार भोके आणि तारेचे एक टोक एवढेच राहिले. त्याच जागी जुना फोन दुरुस्त करून, इंटरनेटच्या जोडणीवर चालवून, कोणालाही विनामूल्य वापरता येईल असा बसवण्याचे काम आम्ही दोघांनी हाती घेतले. तारा, अडॅप्टर (जुना फोन इंटरनेटला जोडणारी छोटी पेटी) आणि सेटिंग माझ्याकडे होती. लोखंडकाम आणि भिंत माझ्या सहकाऱ्यांकडे. तीन आठवड्यांत काम होईल असे धरले होते, प्रत्यक्षात साडेतीन महिने लागले. हेच काम करू पाहणाऱ्यांचे निदान काही दिवस वाचावेत म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

६ जानेवारी

फोन मिळाला. एकच खाच असलेला, जाड पत्र्याचा, उत्तर अमेरिकेत १९६० च्या दशकापासून सर्वत्र बसवला गेलेला प्रकार. वजन वीस किलोच्या आसपास असल्यामुळे तो भिंतीला लावण्याचा प्रश्न आजच डोळ्यांसमोर उभा राहिला. या फोनला दोन स्वतंत्र कुलपे असतात : वरच्या भागाचे, जिथे यंत्रणा असते, आणि खालच्या नाणेपेटीचे. दुरुस्ती करणाऱ्याला पैशांना हात लावता येऊ नये आणि पैसे गोळा करणाऱ्याला यंत्रणेला, अशी ती मूळ योजना आहे. आम्हाला दोन्हींच्या किल्ल्या मिळाल्या नाहीत.

इथे पहिली चूक झाली. कुलपाला ड्रिल लावले. चार तास गेले, दोन बिटे तुटली, आणि कुलूप उघडण्याऐवजी त्याचे तोंडच बुजले. शेवटी किल्ली बनवणाऱ्या कारागिराला बोलावावे लागले आणि त्यांनी पाऊण तासात वरचा भाग मोकळा केला. त्यांची मजुरी आणि नवे कुलूप मिळून फोनच्या खरेदीइतकाच खर्च झाला. फोन घेतानाच किल्ल्यांची चौकशी करावी. किल्लीसह मिळणारा महाग फोन शेवटी स्वस्त पडतो. खालची पेटी आज तशीच बंद ठेवली.

१३ जानेवारी

आतली नाण्यांची वाट पाहिली. खाचेतून पडलेले नाणे घसरत एका छोट्या कप्प्यात येऊन थांबते आणि तिथून ते पेटीत जाणार की परत येणार हे एक रिले, म्हणजे विजेने हलणारी कळ, ठरवतो. या रिलेला हलवण्यासाठी टेलिफोन एक्स्चेंज तारेवरून सुमारे १३० व्होल्टचा दाब पाठवत असे : एका दिशेने पाठवला की नाणे पेटीत, उलट दिशेने पाठवला की परत. म्हणजे हिशेबाची बुद्धी फोनमध्ये नव्हती, ती एक्स्चेंजमध्ये होती. आमचा इंटरनेटचा अडॅप्टर फोन खाली ठेवलेला असताना तारेवर ४८ व्होल्टच्या आसपास दाब देतो. तो या रिलेला हलवू शकत नाही.

१३० व्होल्ट देणारा वेगळा नियंत्रक जोडून नाणी घेता आली असती. आम्ही तो मार्ग सोडला. कारण तांत्रिक नव्हते. खिशात नाणे नसलेला माणूसच या फोनपाशी येण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सुमारे १५,००० सार्वजनिक फोनवरून देशांतर्गत कॉल विनामूल्य केले, आणि अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात फ्युटेल नावाचा गट जुने फोन दुरुस्त करून असेच विनामूल्य चालवतो. त्यामुळे ही कल्पना नवी नाही. मासिक शुल्क आम्ही दोघे निम्मे-निम्मे भरणार आहोत. परदेशी आणि जादा दराचे क्रमांक मात्र सेवेच्या पातळीवरच बंद ठेवले आहेत. ती बंदी पहिल्याच दिवशी घालावी, नाहीतर एका रात्रीत वर्षभराचे पैसे जाऊ शकतात.

२१ जानेवारी

फोन अडॅप्टरला जोडला आणि डायल टोन आला. आनंद पाच मिनिटे टिकला, कारण कीपॅडचे एकही बटण चालत नव्हते. बटण दाबले की टोन तसाच चालू राहायचा.

कीपॅड जुना आहे, खराब झाला असणार, असे मी गृहीत धरले. तो सोडवून साफ केला, सांधे पुन्हा सोल्डर केले, तरी काही नाही. मग नवा कीपॅड मागवला आणि त्याची वाट पाहण्यात नऊ दिवस गेले. नवा बसवला, तोही मुका. तेव्हा कुठे मल्टिमीटर लावून पाहिले, तर तारेच्या दोन टोकांची धन-ऋण बाजू उलट जोडली गेली होती. या पिढीतल्या कीपॅडला ठरावीक दिशेनेच वीज लागते. उलट जोडणीत आवाज येतो, ऐकू जाते, पण आकडे निघत नाहीत. दोन तारांची अदलाबदल करायला एक मिनिट लागले. जुना कीपॅड पहिल्यापासून ठीक होता. तोच परत बसवला, आणि नवा, ज्याची गरजच नव्हती, तो सुट्या भागांच्या डब्यात गेला. डायल टोन येतो पण बटणे चालत नाहीत, असे दिसले तर आधी तारा उलटून पाहाव्यात.

२ फेब्रुवारी

रिसीव्हरचे काम. तोंडाकडच्या कॅप्सूलमध्ये कार्बनचे बारीक कण असतात. ते दमटपणाने घट्ट बसले होते आणि पलीकडच्या माणसाला माझा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा ऐकू येत होता. तळहातावर आपटल्याने कण तात्पुरते सुटतात, पण दोन दिवसांत पुन्हा बसतात. त्याच मापाची नवी इलेक्ट्रॉनिक कॅप्सूल घेतली. पैसे योग्य कारणी लागले असे म्हणता येईल अशी या कामातली ही पहिली खरेदी.

कानाकडची कॅप्सूल मात्र बदलली नाही, आणि ते योग्यच झाले. जुन्या कॅप्सूलमधून आवाजाबरोबर चुंबकीय क्षेत्रही बाहेर पडते, आणि श्रवणयंत्रातले टेलिकॉइल ते थेट पकडते. अनेक नव्या कॅप्सूलमध्ये हे क्षेत्र इतके क्षीण असते की श्रवणयंत्र वापरणाऱ्याला काहीच मिळत नाही. वाचनालयात नेहमी येणारे एक आजोबा श्रवणयंत्र लावतात. त्यांना टेबलावरच फोन लावून दिला. त्यांनी यंत्रावरची कळ फिरवली, ऐकले आणि म्हणाले, "मोबाइलवर मला शब्द कळत नाहीत, नुसता आवाज कळतो. इथे शब्द कळताहेत."

त्यांच्याच सूचनेवरून आवाज वाढवण्याचे बटण लावले. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता मानकांत सार्वजनिक फोनसाठी आवाज २० डेसिबलपर्यंत वाढवता यावा आणि रिसीव्हर ठेवल्यावर तो आपोआप मूळ पातळीवर यावा असे म्हटले आहे. हा दुसरा भाग मी आधी विसरले होते, आणि पुढच्या चाचणीत माझ्या सहकाऱ्यांच्या कानात किंकाळी बसली.

१० फेब्रुवारी

रिसीव्हर टांगायच्या हुकातले विजेचे संपर्क गंजले होते, त्यामुळे रिसीव्हर उचलताना क्षणभर जोडणी तुटायची आणि अडॅप्टर ती कॉल होल्डवर ठेवण्याची खूण समजायचा. संपर्क साफ केले आणि अडॅप्टरमधली ती सुविधाच बंद केली. एक संध्याकाळ.

२५ फेब्रुवारी

भिंत. जुन्या चार भोकांवरच फोन बसवला, कारण ती तयार होती. नव्या बोल्टसाठी एक पूर्ण दिवस गेला, कारण जुन्या भोकांतला चुना भुगा होऊन गळत होता आणि वीस किलोचा फोन त्यावर टांगणे धोक्याचे होते. शेवटी मागे पोलादी पत्रा लावून भार आठ ठिकाणी वाटला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका वाचक बाईंनी हात वर करून पाहिला. वरच्या ओळीतली बटणे त्यांच्या बोटांपासून वीतभर लांब राहिली. जुनी भोके उभ्या माणसासाठी पाडलेली होती. आवाजासाठी पाहिलेल्या त्याच अमेरिकी मानकांत हाताने वापरायचा सर्वांत वरचा भाग जमिनीपासून १२२० मिलिमीटरच्या वर नसावा आणि रिसीव्हरची तार किमान ७३५ मिलिमीटर लांब असावी, ही मापे स्पष्ट दिलेली आहेत. मला ती महिन्यापूर्वीच वाचता आली असती. मी आवाजाचा परिच्छेद वाचून थांबले होते.

फोन उतरवला, पत्रा खाली सरकवला, आठ नवी भोके पाडली. पोलादी वेष्टनाची आखूड तार बदलून लांब घेतली. पूर्ण शनिवार-रविवार गेला. नंतर त्याच बाईंना पुन्हा बोलावले आणि त्यांनी पहिला कॉल लावेपर्यंत बोल्ट शेवटचे आवळले नाहीत.

३ मार्च

फोन सुरू झाला. "विनामूल्य. नाणे टाकू नये." अशी पाटी लावली.

५ मार्च

लोकांनी नाणी टाकली. खाच दिसली की हात आपोआप तिकडे जातो, पाटी नंतर वाचली जाते. रिले हलत नसल्याने प्रत्येक नाणे कप्प्यात येऊन अडकले, आणि सातव्या नाण्यानंतर वाट पूर्ण तुंबली. एक आजी परत मिळण्याच्या खिडकीत बोट घालून बराच वेळ चाचपत होत्या, असे ग्रंथपालांनी सांगितले. विनामूल्य म्हणून लावलेल्या फोनने त्यांचे पैसे गिळले, याचे मला फार वाईट वाटले. नाणी काढून ग्रंथपालांकडे ठेवली. आजींना त्यांचे परत मिळाले, बाकीची कोणाची ते कळले नाही.

खाचेच्या मागे आतून पत्र्याची पट्टी बसवली. आता नाणे आत जातच नाही. हे पहिल्या दिवशी करायला हवे होते.

१२ मार्च

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण ही चूक बाकी सगळ्यांहून मोठी होती.

तांब्याच्या जुन्या तारेवर आपत्कालीन क्रमांक लावला की ती तार कुठल्या भिंतीपर्यंत जाते हे एक्स्चेंजला ठाऊक असे. इंटरनेटवरच्या फोनला असे ठिकाण नसते. खाते उघडताना जो पत्ता नोंदवला असेल तोच मदत पाठवणाऱ्यांसमोर येतो. खाते मी उघडले होते आणि सवयीने माझ्या घरचा पत्ता भरला होता. आज बिल तपासताना तो नजरेस पडला. याचा अर्थ गेले नऊ दिवस या ओसरीतून कोणी मदतीसाठी कॉल केला असता आणि त्याला बोलता आले नसते, तर रुग्णवाहिका माझ्या दारात येऊन उभी राहिली असती. तसे घडले नाही, पण ते आमच्या दक्षतेमुळे नव्हे.

हा फोन कोणासाठी आहे याचा विचार केला तर ही चूक आणखी गंभीर ठरते. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने मे २०२० पर्यंतच्या एका वर्षाचे आकडे दिले होते, तेव्हा तिथल्या सार्वजनिक फोनवरून आपत्कालीन सेवांना जवळपास दीड लाख कॉल झाले होते. मुलांच्या मदतवाहिनीला २५,००० आणि मनाने खचलेल्यांशी बोलणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेला २०,००० कॉल झाले, ते वेगळे. म्हणजे लोक जो फोन विसरले आहेत असे आपण समजतो, त्याच्यापाशी माणसे आयुष्यातल्या सर्वांत वाईट क्षणी येतात.

पत्ता बदलला. त्यात केवळ इमारत नव्हे, तर "मुख्य दाराच्या डावीकडची ओसरी" असेही लिहिले. बदल पोहोचला की नाही हे पाहण्यासाठी आपत्कालीन क्रमांक उगाच लावू नये. आम्ही त्यांच्या कार्यालयाच्या साध्या क्रमांकावर आधी बोललो, गर्दी नसलेली वेळ ठरवून घेतली आणि मगच एक चाचणी कॉल केला. पलीकडच्या व्यक्तीने पत्ता वाचून दाखवला तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. तोच पत्ता मोठ्या अक्षरांत फोनवरही चिकटवला आहे, कारण घाबरलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हेच सांगता येत नाही.

१९ मार्च

दोन आठवडे रोज संध्याकाळी तासभर ओसरीत बसले. कोण येते हे पाहायचे होते. कोण काय बोलते हे ऐकायचे नव्हते, म्हणून दाराच्या पलीकडच्या बाकावर बसत होते.

मोबाइलची बॅटरी संपलेले लोक सर्वांत जास्त, हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते असे की त्यांतले निम्मे रिसीव्हर उचलतात, कानाला लावतात, आणि तसेच थांबतात. एक तरुण माझ्याकडे वळून म्हणाला, "फोन मिळाला हो, पण नंबर कुठे पाठ आहे? सगळे नंबर त्या बंद मोबाइलमध्ये." हा या कामातला खरा अडथळा निघाला आणि तो यंत्रात नव्हता. आम्ही तारा, कीपॅड, उंची सगळे पाहिले, पण क्रमांक माणसांच्या डोक्यातून निघून गेले आहेत हे आमच्या लक्षात आले नव्हते.

त्यावर दोन गोष्टी केल्या. रुग्णालय, पोलीस, मदतवाहिन्या, बसस्थानक अशा दहा क्रमांकांचे कार्ड लावले आणि बाजूला दोरीला पेन्सिल व कागद बांधला. दुसरे म्हणजे बाहेरून येणारे कॉल सुरू केले आणि फोनचा स्वतःचा क्रमांक ठळक छापला. अमेरिकेत १९८० नंतर अमली पदार्थांच्या व्यवहाराच्या तक्रारींमुळे अनेक सार्वजनिक फोनवर येणारे कॉल बंद केले गेले होते, आणि मीही ती सेटिंग कुठेतरी वाचून जशीच्या तशी उचलली होती. पण ज्याच्याकडे स्वतःचा क्रमांक नाही, त्याला नोकरीसाठी किंवा निवाऱ्यासाठी अर्ज करताना "आम्ही कळवू" या उत्तराचा काही उपयोग नसतो. एक गृहस्थ आता रोज चार वाजता येऊन बसतात आणि घंटी वाजण्याची वाट पाहतात.

काही जण मोबाइल खिशात असूनही हा फोन वापरतात. एका बाईंनी कॉल संपवल्यावर कार्डावरचा मदतवाहिनीचा क्रमांक बोट ठेवून मैत्रिणीला दाखवला आणि दोघी निघून गेल्या. घरात मोबाइल कोणीतरी तपासत असेल तर कॉलची नोंद न उरणारा फोन ही मोठी सोय असते. त्याविषयी मी कोणाला काही विचारले नाही.

२७ मार्च

रात्री वीज गेली आणि फोन मुका झाला. जुना फोन तारेवरूनच, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर चालत असे; घरांत अंधार असतानाही त्याचा टोन यायचा. आमचा अडॅप्टर आणि राउटर भिंतीतल्या विजेवर चालतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असलेला तयार यूपीएस लावला. दोन्ही उपकरणे मिळून सुमारे १० वॉट घेतात, म्हणून आठ तास चालेल असा हिशेब केला होता; चाललेला वेळ जेमतेम साडेतीन तास. १२ व्होल्टचे आधी घरगुती विजेत आणि पुन्हा १२ व्होल्टमध्ये रूपांतर करण्यात बरीच वीज वाया जात होती. दोन्ही उपकरणे १२ व्होल्टचीच असल्याने मधला टप्पा काढून टाकला आणि स्थिर दाब देणारा छोटा रेग्युलेटर लावून बॅटरीवरून थेट जोडली. आता सहा तास मिळतात. यूपीएसवरचा खर्च वाया गेला, आतली बॅटरी तेवढी कामी आली.

४ एप्रिल

"हिंदीसाठी दोन दाबा" अशा प्रकारच्या स्वयंचलित उत्तरांत प्रत्येक आकडा दोनदा मोजला जात असल्याची तक्रार. अडॅप्टर बटणाचा सूर आवाजातूनही पाठवत होता आणि वेगळ्या संदेशातूनही. एकच पद्धत ठेवली. सापडायला तीन दिवस, सुधारायला दहा सेकंद. ज्यांनी रुग्णालयाची वेळ घेण्यासाठी चार-चार वेळा प्रयत्न केले, त्यांचा वेळ यात धरलेला नाही.

११ एप्रिल

सेवेच्या खात्यात लावलेला प्रत्येक क्रमांक, तारीख आणि वेळ साठवली जात असल्याचे आढळले. हे मूळ सेटिंग असते आणि आम्ही ते पाहिलेच नव्हते. मैत्रिणीला मदतवाहिनीचा क्रमांक दाखवणाऱ्या त्या बाईंची आठवण झाली. आमच्या बाजूच्या सगळ्या नोंदी पुसल्या आणि यापुढे फक्त कॉलची संख्या आणि एकूण मिनिटे राहतील असे केले. सेवा देणाऱ्या कंपनीकडे बिलासाठी काही नोंद राहतेच, ती आमच्या हातात नाही; म्हणून "या फोनची कुठेच नोंद राहत नाही" असे फलकावर लिहिण्याचा विचार सोडला आणि "आम्ही क्रमांक साठवत नाही" एवढेच लिहिले. शेवटचा क्रमांक पुन्हा लावणारी सुविधाही अडॅप्टरमधून काढली.

२० एप्रिल

पहिल्या चार आठवड्यांत १३८ कॉल लागले, त्यांतले ३१ बाहेरून आलेले. ऑफकॉमने ब्रिटनमधले कोणते फोन काढू नयेत हे ठरवताना जे निकष लावले, त्यांतला एक वर्षभरात ५२ पेक्षा जास्त कॉल हा आहे, म्हणजे आठवड्याला साधारण एक. आमच्या फोनने ते वर्षाचे माप पहिल्या पंधरवड्यातच ओलांडले. ग्रंथपालांनी ही संख्या वाचनालयाच्या समितीपुढे ठेवली आणि जागेची परवानगी तीन महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत वाढली.

एकूण खर्चाचे वाटे असे पडले : पाचवा भाग फोनवर, जवळपास तेवढाच कुलपावर, तिसरा हिस्सा उपयोगी पडलेल्या सुट्या भागांवर, आणि उरलेला नवा कीपॅड, यूपीएस, चुकीच्या भोकांचे बोल्ट अशा टाळता येण्यासारख्या गोष्टींवर.

राहिलेली कामे : हुकाची स्प्रिंग सैल होत आहे, नवी मागवली आहे. क्रमांकांचे कार्ड आजोबांना वाचता येत नाही, ते दुप्पट मोठ्या अक्षरांत छापायचे. खालची नाणेपेटी अजून उघडलेली नाही. चार वाजता येणाऱ्या गृहस्थांसाठी ग्रंथपालांनी आतली एक खुर्ची ओसरीत आणून ठेवली आहे. तिला पावसाचे पाणी लागू नये म्हणून वर पत्र्याचे छप्पर घालायचे आहे, त्याची मापे उद्या घेणार.